डबा की गेंडा

काटेसाहेबांनी जन्मात कुठली वस्तू एकटी बघून घेतली नाही. चपला घ्यायच्या तर दोन जोड मागवायचे, एका पायात हा आणि दुसऱ्या पायात तो घालून दुकानात चार फेऱ्या मारायच्या, आणि मग "उद्या येतो" म्हणून आपल्या जुन्याच चपला सरकवून घरी यायचं. नोकरी वजनमाप खात्यातली. दुकानादुकानांतून फिरून काटे तपासायचे, किलो किलोभर भरतो ना आणि मीटर मीटरभर ना ते बघायचं, आणि शिक्का मारायचा. म्हणून खरं नाव सोडून सगळे त्यांना काटेसाहेबच म्हणत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वजनात खोट काढली की माणसाचा स्वतःवरचाही भरवसा उडतो. त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

गाडीचं निघालं ते ताईंमुळे. ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. शिक्षिका म्हणून डोंगरावरच्या गावात गेल्या, आणि रिटायर झाल्यावर सामान कोण बांधणार म्हणून तिथेच राहिल्या. मागच्या साली डोंगरातून पाण्याचा लोंढा आला आणि शेवटचा दीड किलोमीटर रस्ता बरोबर घेऊन गेला. तेव्हापासून बस पायथ्याशीच थांबते. आता तुम्ही म्हणाल, दीड किलोमीटर म्हणजे काय, चालत जावं. पण दोघी बहिणींचे गुडघे एकाच साच्यातून निघालेले. ताईंना उतरवत नव्हतं आणि बायकोला चढवत नव्हतं. त्यातच ताईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला.

"रडतेस कशाला?" ताई फोनवर म्हणाल्या. "कडेकडेचं गेलंय, मधलं दिसतंय की अजून. दर गुरुवारी नर्सबाई येतात, डोळे बघतात, थेंब देऊन जातात. तू फक्त हे मधलं शिल्लक आहे तोवर एकदा येऊन जा. तुझं तोंड बघायचंय."

फोन ठेवल्यावर बायको भाजी निवडायला बसली. अर्ध्या तासाने पाहिलं तर पानं कचऱ्यात आणि देठं पातेल्यात. काटेसाहेबांनीही ते पाहिलं. माणूस चिकित्सक असला तरी दगड नव्हता. तिथल्या तिथे त्यांनी जाहीर केलं की डोंगर चढणारी, दणकट, चांगली फोर-बाय-फोर गाडी घ्यायची. हे जाहीर झालं तेव्हा त्यांची मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. ही गोष्ट संपते तेव्हा ती दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसली होती.

घरात एक गाडी होतीच. तिला सगळे म्हातारी म्हणत. चौदा वर्षांची, बुटकी, हँडब्रेक नावापुरता. मुलगी तीन वर्षांची असताना तिने चालत्या गाडीचं दार उघडू नये म्हणून मागच्या दारांना आतून न उघडणारं लॉक लावलं होतं. ते काढायचं कसं हे पुस्तिकेत लिहिलं होतं आणि पुस्तिका सापडत नव्हती. त्यामुळे मागे बसलेल्या माणसाला, मग तो पाहुणा असो की सासरा, बाहेरून कुणी दार उघडेपर्यंत आतच बसावं लागे. म्हातारीला एकदा त्या चढावर घालून पाहिलं होतं. पुढची चाकं जागच्या जागी गरगरली, खडी उडाली, आणि म्हातारी हळूहळू मागे घसरत बसथांब्यावर परत आली. बसथांब्यावरच्या लोकांनी तिला वाट करून दिली.

बजेटात बसतील अशा गाड्या बाजारात दोनच निघाल्या. एक रुंद, फुगीर, नाक पुढे काढलेली. मुलीने तिचं नाव गेंडा ठेवलं. दुसरी उभट, चौकोनी, पाठीवर जादा चाक टांगलेली. तिचं नाव डबा. कंपन्यांनी ठेवलेली नावं बरीच भारदस्त होती, पण ती उच्चारताना काटेसाहेबांची जीभ अडखळे. मुलीने कॉम्प्युटरवर तक्ता करून दिला. डावीकडे डबा, उजवीकडे गेंडा, मध्ये पस्तीस ओळी. पोटाची जमिनीपासून उंची किती, पाण्यात किती खोल जाते, किती कलंडली म्हणजे उलटते. पाण्यात जायची वेळ काटेसाहेबांवर आजवर फक्त आंघोळीला आली होती, पण ओळ भरायची म्हणजे भरायची. प्रत्येक ओळीला दहापैकी गुण. पहिली बेरीज केली तेव्हा डबा दोनने पुढे होता. मग कप ठेवायच्या खाचांसाठी गेंड्याचे गुण वाढवले तर गेंडा एकने पुढे गेला. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण गाडीत चहा पीतच नाही, म्हणून ती ओळ खोडली, आणि दोन्ही गाड्या दोनशे अकरावर येऊन थांबल्या. मुलगी म्हणाली, नाणं उडवा. त्यावर काटेसाहेबांनी तिच्याकडे असं बघितलं की ती अभ्यासाला बसली.

वरच्या मजल्यावर विमाकाका राहत. आयुष्यभर विमा विकून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यांना गाडी चालवता येत नव्हती, आणि म्हणूनच त्यांची मतं स्वच्छ होती. सोमवारी ते म्हणाले, गेंडाच घ्या, समोरचा माणूस बाजूला होतो. काटेसाहेबांनी ते पेन्सिलीने लिहून घेतलं. बुधवारी काका स्वतः खाली उतरून आले आणि म्हणाले, मी रात्रभर विचार केला, डबाच घ्या, गेंड्याची काच फुटली तर मिळायला सहा महिने लागतात, माझ्या साडूच्या मित्राचं असं झालं. साडूच्या मित्राकडे गेंडा होता का? नाही, त्याच्याकडे फ्रीज होता. पण काचेचं तत्त्व एकच, असं काकांचं म्हणणं पडलं. काटेसाहेबांनी खोडून पुन्हा लिहिलं. कागद त्या जागी विरला आणि पलीकडचं टेबल दिसायला लागलं.

मग जागेचा प्रश्न आला. सोसायटीच्या सेक्रेटरीने कळवलं की नवी गाडी आखून दिलेल्या पट्ट्यांत बसत असेल तरच आत येईल. काटेसाहेब खात्याची शिक्का मारलेली पोलादी टेप घेऊन खाली उतरले. फाटक मोजलं, गल्ली मोजली, खांब ते भिंत मोजलं. निष्कर्ष असा निघाला की आरसे मिटवून गेंडा आत बसतो, पण मग कुठलंच दार उघडत नाही, म्हणजे चालकाने आतच राहायला हवं. डबा झकास बसतो, पण त्याचं मागचं दार आडवं उघडतं आणि तिथे भिंत आहे. सेक्रेटरी म्हणाले, भिंत सोसायटीची आहे. काटेसाहेब म्हणाले, मी कुठे नेतो म्हटलं. तरीही दोन दिवस लोक त्यांच्याकडे भिंतचोर असल्यासारखं बघत होते, आणि हे त्यांच्या मनाला फार लागलं.

सगळ्यात कहर ऑफिसात झाला. वाहन अग्रिमाच्या, म्हणजे गाडीसाठी खात्याकडून घ्यायच्या कर्जाच्या, अर्जात 'प्रयोजन' असा रकाना असतो. काटेसाहेबांनी खरं ते लिहिलं: खराब रस्त्याने नातेवाइकांकडे जाणे. अकाउंटंटने अर्ज परत केला. रस्ता खराब असल्याचा दाखला जोडा. काटेसाहेब अर्धा दिवस रजा टाकून रस्ते खात्यात गेले. तिथल्या बाईंनी रजिस्टर काढून दाखवलं, रस्ता मागच्याच वर्षी दुरुस्त झालेला होता. काटेसाहेब म्हणाले, बाई, तो रस्ता जागेवरच नाहीये. बाई म्हणाल्या, नसेलही, पण जो नाही तो खराब आहे असं मी कसं लिहून देऊ? यात काहीतरी चुकतंय हे काटेसाहेबांना कळत होतं, पण नेमकं कुठे ते सापडेना. शेवटी बाईंनी चांगल्या मनाने रस्ता उत्तम असल्याचा दाखला दिला. तो जोडला, तर अकाउंटंटने लाल शाईत लिहिलं: रस्ता उत्तम असल्यास सध्याचे वाहन का चालू नये? हा प्रश्न इतका रास्त होता की काटेसाहेबांना जेवण गेलं नाही.

मधल्या काळात बायको दोनदा म्हणाली होती की तोवर भाड्याने एखादी जीप करू. काटेसाहेबांनी समजावलं की घेणारच आहोत तर भाडं कशाला घालवायचं. हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला पटलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली. ताईंचे फोन रविवारच्या रविवारी येत होते. नर्सबाई येऊन गेल्या, थेंब बदलले, आता ताटातली वाटी चाचपून घ्यावी लागते, मधलं भोक बारीक होत चाललंय, पण तब्येत ठणठणीत. काटेसाहेब जवळच बसलेले असत, सगळं ऐकत, आणि पाण्यात जाण्याच्या खोलीची ओळ पुन्हा तपासावी का याचा विचार करत.

एका रविवारी फोन लवकर संपला. बायको येऊन समोर उभी राहिली.

"ताई म्हणते, आता मधलंही धुरकट झालंय."

काटेसाहेबांनी चष्मा काढला. ते म्हणाले, फक्त एका ओळीचा फरक राहिलाय, टायरची एक ओळ.

"अहो, तुमच्या चौतीस ओळींत माझी ताई कुठल्या ओळीत आहे, तेवढं दाखवा मला," बायको म्हणाली. "मी या गुरुवारी जाणार. गेंड्यातून जाईन, डब्यातून जाईन, नाहीतर रांगत जाईन. तुम्ही बसा बेरीज करत."

ती आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं. काटेसाहेब तक्ता वरून खाली आणि खालून वर वाचत बसले. ताई कुठेच नव्हत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस जे करतो तेच त्यांनी केलं; जास्तच जोरात आपल्याच मार्गाने गेले. दोन्ही शोरूमना फोन करून त्यांनी कळवलं की गुरुवारी सकाळी दहाला डोंगराच्या पायथ्याशी प्रत्यक्ष तपासणी होईल, जी गाडी वर पोचेल ती घेण्यात येईल. इतकी वर्षं असंच केलं होतं. काटा दुकानात जाऊन, दुकानदारासमोर तपासायचा.

गुरुवारी नवरा-बायको म्हातारीतून पायथ्याला पोचले. बायको मागे, मांडीवर ताईंसाठी शिवलेल्या दोन गाऊनची पिशवी. काटेसाहेबांच्या शेजारच्या सीटवर फाईल: तक्ता, कॅटलॉग, दाखले, लाल शाईचे शेरे, चार बोटं जाड. बसथांब्याशी गेंडा आणि डबा शेजारी शेजारी उभे होते. गेंड्याबरोबर टाय लावलेला सेल्समन, डब्याबरोबर गॉगल लावलेला. दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे होते.

पहिला मान गेंड्याला मिळाला. बायको पिशवीसकट मागे चढली, काटेसाहेब पुढे, टायवाल्याने गाडी घातली. पहिले शंभर मीटर गेंडा असा चढला की काटेसाहेबांनी मनातल्या मनात डब्याची माफी मागितली. मग वळण आलं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला मोरीचा कठडा. डावा आरसा कातळाला लागला, उजवं चाक कठड्याला घासलं, आणि गेंडा बाटलीतल्या बुचासारखा बसला. टायवाला म्हणाला, सर, रस्ता अरुंद आहे. काटेसाहेबांनी फाटक मोजलं होतं, गल्ली मोजली होती, खांब ते भिंत मोजलं होतं. ज्या रस्त्यासाठी हे सगळं चाललं होतं तो रस्ता मोजायचं राहून गेलं होतं. मोजणारी माणसं मोजायची ती जागा सोडून सगळं मोजतात, असं त्यांची बायको पुढे बरीच वर्षं सांगत असे.

गेंडा इंचाइंचाने मागे घेऊन खाली आणेपर्यंत अकरा वाजले. गॉगलवाला खुशीत होता. डबा अरुंद, वळणातून अलगद निघाला. पण पुढे खरा चढ लागला आणि पुढची चाकं खडीत गरगरायला लागली. गाडी पुढे जाईना, मग मागे यायला लागली. काटेसाहेब म्हणाले, अहो, मागची चाकं लावा ना कामाला, चारही फिरवा.

"सर, चारही फिरतात ते वरचं मॉडेल," गॉगलवाला म्हणाला. "तुमच्या बजेटमध्ये दोनच."

काटेसाहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. चौतीस ओळी. डिकीतल्या दिव्याचीसुद्धा ओळ होती. किती चाकं ओढतात, ही ओळ नव्हती. फोर-बाय-फोर म्हणजे चार चाकं ओढणारच, किलो म्हणजे हजार ग्रॅमच, असं ते धरून चालले होते. दुसऱ्या कुणी असं धरून चाललं असतं तर त्यांनी त्याला नोटीस दिली असती.

डबा घसरत खाली आला तेव्हा पायथ्याशी एक छोटी गाडी येऊन थांबली होती. बुटकी, जुनी, रंग उडालेली. अगदी म्हातारीची जुळी बहीण. आत पांढऱ्या कोटातल्या एक बाई हातातल्या घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. शेजारच्या सीटवर बर्फाची पेटी, मागे औषधांचे खोके.

"झाली का तुमची मजा?" बाई म्हणाल्या. "मला वर सात पेशंट आहेत."

डबा बाजूला झाला. बाईंनी गाडी पुढे घेतली, बसथांब्याशी गोल फिरवली, गाडीची पाठ डोंगराकडे केली, आणि मान वळवून, रिव्हर्समध्ये, गुर्र करत चढ चढायला लागल्या. टायवाला आणि गॉगलवाला सकाळपासून पहिल्यांदाच एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. काटेसाहेब धावत गाडीच्या बरोबरीला गेले आणि धापा टाकत विचारू लागले की बाई, तुम्ही उलट्या कशा. बाईंनी ब्रेक लावला.

"ह्या गाडीची ओढ पुढच्या चाकांत," त्या म्हणाल्या. "सरळ चढलात की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात नि गरगरतात. उलटी घातली की सगळं वजन त्यांच्यावर. वजनाचीच तर गोष्ट आहे. दर गुरुवारी अशीच जाते मी."

वजनाची गोष्ट. वजनमाप खात्याच्या निरीक्षकाला, दोन सेल्समन आणि एका बसथांब्यादेखत, नर्सबाईंनी सांगावी. शिवाय 'दर गुरुवारी' हे शब्द त्यांच्या कानावर दर रविवारी पडत होते. रस्ता गेलाय, बस जात नाही, आणि एक बाई दर आठवड्याला वर पोचतेय, हे ऐकून ती कशी पोचते एवढं विचारायला त्यांना वर्ष पुरलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. तीही त्यांच्याकडेच बघत होती. तिनेही विचारलं नव्हतं. नवऱ्याचं नशीब म्हणायचं ते एवढंच.

म्हातारी फिरवली. बायको मागे बसली, आडवी होऊन, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून मागच्या काचेतून वर बघत. तिच्यामुळे काटेसाहेबांना काचेतलं काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी गाडी आरशांवर आणि बायकोवर सोडली. ती म्हणे डावीकडे, ते विचारत कुणाच्या. तिचं तोंड डोंगराकडे, त्यांचं दरीकडे, दोघांच्या डाव्या बाजू दोन दिशांना. नर्सबाईंच्या गाडीचे दिवे बायकोकडे रोखलेले. तिला वाटे गाडी आपल्या अंगावर येतेय, आणि ती तर लांब लांब जात होती. आपण कुठे चाललोय, पुढे की मागे, हे काटेसाहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण चाकं गरगरली नाहीत. म्हातारी खोकत खोकत वळणातून निघाली, कातळ आणि कठडा दोन्हीकडून हातभर जागा ठेवून, आणि चढायलाच लागली. फिरवायला वाटेत जागाच नव्हती, म्हणून ती थेट ताईंच्या दारापर्यंत उलटीच गेली.

दाराशीसुद्धा थोडा उतार होता. हँडब्रेक धरेना. काटेसाहेब ब्रेकवर पाय दाबून ओरडले, काहीतरी लावा चाकाखाली. नर्सबाईंनी खिडकीतून हात घालून हाताला आलं ते उचललं आणि पुढच्या चाकाखाली सरकवलं. म्हातारी अर्धा इंच मागेपुढे झाली आणि फाईलवर शांत उभी राहिली.

ताई काठी टेकून फाटकाशी आल्या होत्या. गुरुवार होता, नर्सबाई येणार हे त्यांना माहीत होतं. मागून दुसरी गाडी आली हे आवाजावरून कळलं. कडेचं त्यांना काही दिसत नव्हतं. गेंडा, डबा, डोंगर, मेव्हणे, काही नाही. त्या चार पावलं पुढे आल्या, आणि जे काही दिसण्यासारखं उरलं होतं त्यात मागच्या काचेतला बहिणीचा चेहरा आला.

बायकोने दार ढकललं. ते आतून उघडत नव्हतं. तिने काचेवर हात टेकला, बाहेरून ताईंनी टेकला.

"बरोबर मधोमध आलीस गं," ताई म्हणाल्या.

काटेसाहेब उतरून घाईघाईने दाराशी आले आणि हँडलला हात घातला. ताईंनी मान न वळवता त्यांना थांबवलं. "जरा थांबा," त्या म्हणाल्या. "हलली की जाईल. बघून घेऊ दे मला." काचेच्या आत बायको रडत होती, पण हलत नव्हती. काटेसाहेब हँडल धरून तसेच उभे राहिले. किती वेळ उभे राहिले, ते त्यांनी मोजलं नाही.